रोकोचे हातमोजे

वेंडेल क्रुपकाला जन्मभर एकच गोष्ट लोकांच्या गळी उतरवायची होती. थँक्सगिव्हिंगच्या त्या सामन्यातला शेवटचा पास रोको बेलांदीने झेललाच नव्हता, त्याच्या हातमोज्यांनी झेलला होता. रोको फक्त त्या हातमोज्यांच्या मागे उभा होता, एवढंच.

हे मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. वेंडेल माझा शेजारी, शाळेपासूनचा सोबती, आणि आम्ही एकाच टीममध्ये होतो. तो खेळायचा आणि मी बाकावर बसायचो. आमच्या फुटबॉलमध्ये पायाचं काम पळण्यापुरतं, बाकी सगळा खेळ हाताचा. एकाने चेंडू लांबून फेकायचा, तो पास, आणि दुसऱ्याने धावत जाऊन झेलायचा. माझ्या दिशेने कधी कुणी फेकलाच नाही. मास्तर मला मैदानात उतरवायचे ते सामना जिंकून झाल्यावर, आणि तेव्हासुद्धा मी ज्या बाजूला असेन त्याच्या उलट बाजूला चेंडू जायचा. त्यामुळे वेंडेल आपल्या निसटलेल्या पासचं रडगाणं सुरू करायचा तेव्हा माझ्या पोटात दुखायचं. मी मनात म्हणायचो, निसटायला का होईना, तुझ्याकडे आला तरी होता ना.

आमचं गाव हातमोज्यांचं. न्यूयॉर्क राज्यातलं असलं तरी त्या नावाच्या शहराशी आमचं काही नातं नाही, आम्ही वर डोंगरात. निम्म्या घरांतले बाप कातडी कमवायच्या कारखान्यात आणि आया स्वयंपाकघराच्या खिडकीशी शिलाईचं मशीन घेऊन बसलेल्या. गावामागचा ओढा कधी तपकिरी वाहायचा, कधी हिरवा. कारखान्यात त्या दिवशी कुठला रंग चाललाय ते आम्ही पोरं पुलावरून बघून सांगायचो. कुणी हस्तांदोलन केलं तरी माणूस आधी हाताचं माप घ्यायचा, मग तोंडाकडे बघायचा.

वेंडेलचा बाप कातडं बेतणारा. ओलं कातडं मेजावर ताणून, त्यावर पुठ्ठ्याचा हात ठेवून, तो एका दमात कापायचा. वेंडेल लहान असताना बापाच्या मेजापाशी लुडबुडत होता आणि कातरीखाली त्याचा डावा हात आला. करंगळीचं वरचं पेर गेलं. बाप पोरापेक्षा जास्त रडला म्हणतात. त्यानंतर थंडीत वेंडेलच्या हातात जे मोजे असायचे त्यांची डावी करंगळी थिटी असायची. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. कुणाचे कान मोठे असतात, कुणाचं नाक मोठं, याची करंगळी थिटी. चेंडू सुटला तरी वेंडेलने त्या करंगळीचं नाव कधी पुढे केलं नाही, हे मात्र मी त्याच्या बाजूने सांगतो. त्या बाबतीत तो मानी होता.

आर्लीन आमच्याच गल्लीतली, शिलाईच्या घरातली. तिच्या आईचे टाके सगळ्या गावाला ओळखू यायचे. अंगठ्याच्या बुडाशी तांबड्या दोऱ्याचे दोन तिरके टाके घालायची खोड होती त्या घराला, आणि मुलीनेही ती उचलली होती. आर्लीन आणि वेंडेल यांचं काहीतरी जुळतंय हे आम्ही सगळे ओळखून होतो. शाळा सुटल्यावर तो तिच्या बापाच्या माल वाहायच्या गाडीत बसून उगाच कारखान्यापर्यंत जायचा आणि तिथून चालत परत यायचा. असा वेडेपणा माणूस एकाच कारणासाठी करतो.

आमच्याकडे एक रीत होती. मुलीच्या मनात एखादा मुलगा भरला की ती उरलेल्या तुकड्यांतले चांगले निवडून त्याच्या मापाचे हातमोजे शिवायची आणि स्वतःच्या हाताने द्यायची. मुलाने ते रविवारी घालून चर्चला जायचं. मग कुणी काही विचारायचं नाही, दोन्ही घरच्या आया एकमेकींना जेवायला बोलवायला लागायच्या. आमचा साखरपुडा म्हणा हवं तर, तो एवढाच. हातमोजेवाल्या घराबाहेर ही रीत कुणाला माहीत नव्हती आणि आम्हीही कुणाला सांगत बसलो नाही.

रोको हातमोजेवाल्या घरचा नव्हता. त्याच्या बापाचं भाजीचं दुकान होतं. रोकोला हातमोजे माहीत होते ते बायका टोमॅटो चाचपायच्या आधी काढून पर्समध्ये टाकतात तेवढेच. पण काय पोरगा होता. उंच, केस मागे वळवलेले, हसला की मास्तरणीसुद्धा ओळ विसरायच्या. तो काही मुद्दाम करायचा नाही, म्हणून तर जास्त राग यायचा. मला त्याचा हेवा वाटायचा, वेंडेलला वाटायचा. हेवा वाटत नाही म्हणणारा एकही मुलगा आमच्या वर्गात नव्हता.

तर तो सामना. नदीपलीकडच्या गावाशी थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाच्या दिवशीचा, घरोघरी टर्की भट्टीत असताना होणारा. त्या दिवशी आभाळातून पाणी आणि बर्फ एकत्र पडत होतं. मी बाकावर बसून कुडकुडत होतो आणि आईने विणलेले लोकरीचे मोजे हातात घातले होते. वेंडेलने ते पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा सुरू झाला.

"मर्ल, अरे आपण हातमोजेवाल्यांची पोरं. हातमोजे विकायचे असतात, घालून खेळायचे नसतात. ज्याला चेंडूला मोजे लागतात त्याने उद्यापासून झगा घालून यावं."

कुंपणाशी मुली उभ्या होत्या, त्या खिदळल्या. आर्लीन हसली नाही. तिचा एक हात कोटाच्या खिशात होता आणि ती वेंडेलकडे बघत होती. मी तेव्हा एवढंच टिपलं की एक तरी मुलगी मला हसली नाही, आणि मनातल्या मनात तिचे आभार मानले.

पुढे वेंडेलकडे पास आला. आसपास चिटपाखरू नव्हतं. चेंडू सरळ त्याच्या दोन्ही हातांत आला आणि साबणाच्या वडीसारखा बाहेर पडला. वेंडेल ओरडला की चेंडू ओला होता, फेकणाऱ्याने पिळून तरी द्यायचा. मास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली.

मग खेळ थांबला तेव्हा रोको हात चोळत कुंपणाकडे गेला. मुलींना काहीतरी बोलला आणि परत आला तो हातमोजे घालून, पातळ बकऱ्याच्या कातड्याचे. शेवटचा पास त्याच्याकडे गेला आणि त्याने तो झेलला. डोक्यावरून आलेला, बर्फात न दिसणारा, माणसाने सोडूनच द्यावा असा तो पास होता. सामना आम्ही जिंकला. रोकोने चेंडू दोन्ही हातांनी वर धरला आणि अंगठ्याच्या बुडाशी तांबडे टाके आम्हा सगळ्यांना दिसले.

भाजीवाल्यांना ते दिसले नसतील, नदीपलीकडच्यांना दिसले नसतील. पण आमच्या बाजूच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला दिसले. मी वेंडेलकडे पाहिलं. सगळे रोकोच्या अंगावर उड्या मारत होते आणि हा मैदानाच्या मध्ये आपले उघडे हात बघत उभा होता. एकाच मिनिटात त्याचा सामनाही गेला होता आणि मुलगीही.

रोकोने तो चेंडू आणि हातमोजे गसला देऊन टाकले. गसचा बार शाळेसमोर. गसला बिअर आणि उकडलेली अंडी यांपलीकडे फारसं काही कळत नव्हतं, पण त्याने एक काचेची पेटी करून आणली, चेंडू आत बसवला आणि हातमोजे त्याला मिठी मारल्यासारखे चिकटवले. डावा चेंडूखाली, उजवा वर. पेटी गल्ल्यामागे टांगली. रोको पलटणीत गेला, तिथून फ्लोरिडाला गेला आणि पोहण्याचे तलाव बांधून विकायला लागला. आर्लीनला त्याने कधी काही विचारलं नाही. वेंडेलने विचारलं, बऱ्याच दिवसांनी, आणि ती हो म्हणाली.

गाव काय, बोलायचंच. रोको गेला म्हणून वेंडेलचं लागलं, असं दुकानात, पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर लोक बोलले. वेंडेलच्या कानावर ते आलं असेलच, पण दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती, तो स्वतःच स्वतःला रोज सांगत होता. उरलेल्या कातड्याचा मी, असं तो एकदा दारूच्या भरात माझ्यापाशी बोलून गेला.

संसार त्यांचा चांगला झाला. मुली झाल्या, शिकल्या, लांब गेल्या. कारखाने एकेक करून बंद पडले, ओढा स्वच्छ झाला आणि आमची पोटं अडचणीत आली. वेंडेलने शाळेची बस चालवली, मी शाळा तापवायची भट्टी सांभाळली. पण त्याच्या आत जे बसलं होतं ते काही हललं नाही. बेलांदींच्या दुकानातला टोमॅटो त्याने घरात येऊ दिला नाही, त्यासाठी तो पुढच्या गावापर्यंत गाडी न्यायचा. ख्रिसमसला रोकोकडून नारळाच्या झाडांचं कार्ड यायचं, सगळ्यांनाच यायचं. आर्लीन ते फडताळावर मांडायची आणि वेंडेल येता जाता त्याचं तोंड भिंतीकडे करायचा. ती पुन्हा सरळ करायची. हे नाताळभर चालायचं आणि दोघं त्यावर चकार शब्द बोलायची नाहीत.

गसच्या बारमध्ये तो पेटीकडे पाठ करून बसायचा. आरशात दिसते म्हणून त्याने खुर्चीही बदलली. एवढ्या वर्षांत त्याने ती पेटी जवळून कधी पाहिली नाही. पण तिच्याबद्दल बोलायचा मात्र रोज.

हल्लीचे खेळाडू सगळेच हातमोजे घालतात, रबरासारख्या चिकट तळव्यांचे. ते आल्यापासून वेंडेलला मोठाच आधार मिळाला. एकदा त्याने दुकानातून तसला एक जोड विकत आणला, गसच्या टेबलावर माझ्या हातात चढवला, माझा तळवा भरल्या कपावर दाबला आणि हात वर उचलला. कप हाताबरोबर वर आला.

"बघा," तो सगळ्या बारला म्हणाला. "मर्लसुद्धा खेळाडू झाला."

लोक हसले. कॉफी माझ्या पँटवर सांडली. मी म्हटलं, अरे, रोकोचे मोजे साध्या कातड्याचे होते, चिकट नव्हते, आणि ओलं कातडं तर उलट सटकतं. त्यावर तो म्हणाला की थंडीत बोटं ऊबदार असली की अर्धं काम झालं, आणि चांगल्या मापाचा मोजा म्हणजे हाताला दुसरी कातडी. चांगल्या मापाचा हे शब्द तो असे काही चावून म्हणाला की मी पँट पुसायला लागलो. मोजे मापाचे होते, म्हणजे तिने रोकोच्या हाताचं माप घेतलं होतं. कधी घेतलं, कुठे घेतलं, हात हातात धरून घेतलं का, हे सगळं त्याच्या डोक्यात चाललेलं मला समोर बसून दिसायचं.

एकदा आम्ही तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलो होतो. मला कंटाळा आला होता, माशांचाही आणि त्याचाही. मी म्हटलं, "एवढं जळतोस त्यापेक्षा एकदा आर्लीनला विचारून का टाकत नाहीस?"

त्याने दोरी थोडी वर ओढून पाहिली.

"आणि ती हो म्हणाली तर?"

मी भोकावर धरलेला बर्फ बाजूला केला. मी घरी एकटाच असतो, माझं लग्न झालं नाही. मला काय, असलं दुखणंसुद्धा कधी मिळालं नाही.

गेल्या वर्षी गसच्या मुलीने, टोनीने, बार विकायला काढला. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी आमच्याकडे दोन्ही गावांचे जुने खेळाडू शाळेच्या मैदानावर जमतात. टर्की होईपर्यंत घरातल्या बायकांच्या पायात येऊ नये म्हणून आम्ही धावल्यासारखं करतो. रोको फ्लोरिडाहून आला होता, तांब्यासारखा भाजलेला, पोट सुटलेला, आणि तरी सगळे त्याच्याभोवती. टोनी ती पेटी घेऊन मैदानावर आली आणि म्हणाली की ही आता ज्याची त्याने न्यावी.

रोको म्हणाला, "मला काय करायचीय? आमच्याकडे बर्फ पडत नाही. आणि बायको म्हणेल, आधीच अडगळ कमी आहे का."

वेंडेल माझ्या शेजारी उभा होता. त्याला गप्प बसवत नाही हे मला कळत होतं. तो म्हणाला की अडगळ कशी, सामना त्यांनीच जिंकला होता, ते मोजे असते तर मर्लनेही तो पास झेलला असता.

आता यात माझं नाव घालायची काय गरज होती? पण माझं नाव असल्या वाक्यांसाठीच आहे.

रोको रागावला नाही, तो कधी रागवायचाच नाही. त्याने टोनीला पेटी उघडायला सांगितली.

"मग तूच घाल, लेका. मी पास टाकतो. झेललास तर मी सगळ्यांसमोर म्हणेन की काम मोज्यांचं होतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वेंडेलचा चेहरा पडला, पण आता मागे फिरता येईना. टोनीने मोजे चेंडूवरून सोडवले. इतकी वर्षं बंद राहून कातडं पुठ्ठ्यासारखं झालं होतं. आर्लीन कुंपणाशी कॉफीचा थर्मास घेऊन उभी होती, अगदी तेव्हा उभी होती तिथेच. तिने हात पुढे केला. टोनीने मोजे तिच्याकडे दिले. आर्लीनने पर्समधून हाताला लावायची मलई काढली आणि ती कातड्यात जिरवायला लागली, आधी तळवा, मग एकेक बोट, घाई न करता. शिलाईच्या घरातली बाई कातडं मऊ करत असली की आमच्याकडे माणसं आपोआप वाट बघतात.

वेंडेल तिच्यासमोर उभा होता आणि तिच्या बोटांकडे बघत होता. त्या दोन मिनिटांत त्याच्या मनाचं काय झालं असेल ते मी सांगू शकतो, कारण ते त्याच्या तोंडावर होतं. रोकोच्या मोज्यांना ही अजून एवढ्या मायेने हात लावते.

तिने उजवा मोजा उघडून धरला, त्याने हात घातला. गेला. मग डावा. तेवढ्यात मागून रोको ओरडला.

"डावा जपून घाल रे. त्याची करंगळी वेडीवाकडी शिवलीय, बोट आत जातच नाही. मी तर मुडपून मुठीत धरली होती तेव्हा. मला वाटलं तुकडा कमी पडला असेल."

वेंडेलचा हात मोज्यात अर्धा गेला होता. तो थांबला. मग त्याने हळूहळू बाकीचा हात आत सरकवला. चार बोटं बसली आणि करंगळी बसली. थिटी करंगळी, थिट्या करंगळीत, टोकापर्यंत. वर रिकामी जागा नाही, कुठे चुणी नाही. मी शेजारीच होतो, मी पाहिलं. त्याच्या बापानेसुद्धा इतका नेमका मोजा बेतला नसता.

तो तसाच हात समोर धरून उभा राहिला.

"हे माझ्या मापाचे आहेत."

"मग कुणाच्या असणार?" आर्लीन म्हणाली. "तुझा फाटका मोजा आमच्या गाडीत राहिला होता, त्यावरून बेतले. गावात असली करंगळी दुसऱ्या कुणाची आहे का?"

"मग त्याला कशाला दिलेस?"

"खिशात घेऊन आले होते तुला द्यायला. तू मर्लला ओरडत होतास की मोजे घालणाऱ्याने झगा घालावा. मुली हसत होत्या. मी काय तुझ्यापुढे मोजे धरून उभी राहणार होते?" ती थर्मासचं झाकण फिरवत होती. "मग तो आला. म्हणाला, बोटं गोठली, कुणाकडे काही आहे का. मला इतका राग आला होता तुझा की काढले आणि दिले. मोजे होते, घाल म्हटलं."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू कधी विचारलंस? तू फक्त सांगत आलास. हातमोज्यांनी झेलला, हातमोज्यांनी झेलला. मला वाटायचं तू मला टोमणा मारतोस, तुझे मोजे त्याला दिले म्हणून. मला वाटायचं तुला माहीत आहे."

एवढी वर्षं ज्या मोज्यांवर वेंडेल जळत होता ते त्याचेच होते. तो उरलेल्या कातड्याचा नव्हता, त्याच्यासाठी कातडं निवडलं गेलं होतं, आणि तेही सगळ्यांत आधी. त्याचे डोळे भरले. थंडीने भरले असं तो नंतर म्हणाला.

पण वेंडेल वेंडेलच. आनंद पोटात पोचायच्या आत त्याच्या कपाळावर आठी आलेली मी पाहिली, आणि ती का आली तेही मला कळलं. मोजे त्याच्या मापाचे, म्हणजे रोकोच्या मापाचे नव्हते. रोकोने तो पास बोट मुडपून, आवळणाऱ्या, ओल्या, परक्या मोज्यात झेलला होता. त्या मोज्यांनी मदत केली नव्हती, उलट अडचणच केली होती. बायको पहिल्यापासून त्याची होती असं म्हणायचं तर तो पास रोकोचा होता असंही म्हणावं लागत होतं. दोन्हीपैकी एकच ठेवता येईना. ती थिटी करंगळी दोन्हीकडची साक्षीदार होती.

त्याला एक वाट होती. करंगळी दिसत होती ती फक्त मला आणि आर्लीनला. कातडं आटलंय, आता कुणालाच बसणार नाहीत, असं म्हणून तो मोजे काढून टाकू शकला असता आणि आपली जुनी गोष्ट सांगत राहू शकला असता. लांबून रोको ओरडला की येतोयस की तिथेच लग्न लावतोयस.

वेंडेलने हात वर केले आणि सगळ्यांना दाखवले.

"बसतात," तो म्हणाला. "माझेच आहेत. हिने माझ्यासाठी शिवले होते."

मैदानावरच्या हातमोजेवाल्या म्हाताऱ्यांना त्यातलं सगळं एका दमात कळलं. नदीपलीकडचे एकमेकांकडे बघत राहिले. रोकोला काय झालं तेच कळेना, त्याला शेवटी टोनीने कानात समजावलं. तो डोक्याला हात लावून हसला आणि म्हणाला की अरे देवा, म्हणजे मी तुमच्या लग्नाचे मोजे घालून चिखलात लोळलो.

मग वेंडेलने मोजे काढले, एकात एक घातले आणि आर्लीनच्या हातात दिले. उघड्या हाताने तो धावायला लागला. धावला म्हणजे गुडघे जपत चालला. रोकोने पास टाकला, मऊ, पोटाच्या उंचीवर, मुलांना टाकतात तसा. आसपास चिटपाखरू नव्हतं. चेंडू वेंडेलच्या दोन्ही हातांत आला आणि बाहेर पडला.

कुणी हसलं नाही. मी थांबलो, आता तो म्हणेल चेंडू गार होता, ऊन डोळ्यांवर होतं, रोकोने वाकडा टाकला. वेंडेल वाकला, चेंडू उचलला आणि पुसला.

"माझ्याच हातून सुटला," तो म्हणाला. "तेव्हाही माझ्याच हातून सुटला."

"मोजे घालून टाकू का पुन्हा?" रोकोने विचारलं.

"नको. तरी सुटेल." आणि मग दात ओठ खात म्हणाला, "बोट मुडपून झेललास तू तो. मुडपून. काय हात आहेत रे तुझे."

त्याच्या आवाजात हेवा होता, अगदी पूर्वीइतकाच कडू. पण आता तो नुसत्या चेंडूचा होता आणि तेवढा हेवा माणसाला पचतो.

टर्की करपायला नको म्हणून सगळे पांगले. आर्लीनने वेंडेलला गाडीपाशी थांबवलं आणि मोजे पुन्हा त्याच्या हातात चढवले, आधी उजवा, मग डावा, आणि डाव्या करंगळीचं टोक दोन बोटांनी दाबून बघितलं, शिलाईवाल्या बायका बघतात तसं. तो ते घालून गाडी चालवत गेला. आता गावातून दोन वेळा फिरून घरी जाणार हे मला ठाऊक होतं.

मी मैदानावर राहिलेला चेंडू उचलला आणि खिशातले लोकरीचे मोजे हातात घातले. रोकोच्या हातांचा मला जन्मभर हेवा वाटत आला होता. त्या सकाळी मात्र मला वेंडेलच्या थिट्या करंगळीचा वाटला.